फळ्याकडे पाठ

संपादकांनी मला अध्यापनाच्या तीसेक वर्षांबद्दल लिहायला सांगितलं आहे. त्यांतली बहुतेक वर्षं एकमेकांसारखी होती. तोच अभ्यासक्रम, तेच जून आणि तेच एप्रिल. म्हणून मी एकाच वर्षाबद्दल लिहिणार आहे. त्या वर्षी मी, पन्नाशी ओलांडलेला प्राध्यापक, शिकवायला नव्यानं शिकलो. लेख पोहोचायला उशीर झाला, त्याचं कारणही सांगून टाकतो. चैत्रात माझी पत्नी सुमन गेली. तेव्हापासून लिहिणं सावकाश होतं. एक परिच्छेद झाला की उठून घरात एक फेरी होते, मग पुढचा.

मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत असे आणि चांगलं शिकवत असे. हे लिहिताना संकोच वाटत नाही. आपण केलेला पाट सरळ बसतो की डुगडुगतो हे सुताराला कळतं, तसं शिक्षकालाही आपल्या तासाचं कळतं. माझी खासियत फळ्यावरची होती. मुलांकडे पाठ करून, बोलणं न थांबवता, मी एका हातानं मागणीचा वक्र काढत असे. खडू डावीकडून उजवीकडे उतरत जाई, त्याच वेगानं वाक्य उतरे आणि दोन्ही एकाच ठिकाणी संपत. मग मी वळून विचारत असे, "समजलं?"

बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं की हा प्रश्न उत्तरासाठी विचारायचा नसतो, तो चेहरे बघण्यासाठी असतो. पहिल्या बाकावरची मुलं न समजताही मान हलवतात आणि शेवटच्या बाकावरची समजूनही हलवत नाहीत. खरं काय ते मधल्या बाकांवर दिसतं. तिथं कपाळं आखडलेली असली की दुसरं उदाहरण काढायचं, सैल झाली की पुढं जायचं. शिकवणं म्हणजे निम्मं हेच.

एक्याण्णव सालच्या पावसाळ्यात पंडितनाना घरी आले. नाना आमचे दूरचे नातेवाईक. धुळ्यापासून बसनं तासाभराच्या अंतरावर एक सूतगिरणी होती, तिथं ते कामगार कल्याणाचं काम बघत. त्यांच्याबरोबर चाळिशीच्या आतबाहेरचा एक उंच माणूस होता. त्यानं नमस्कार केला, समोरच्या खुर्चीवर बसला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. मला जरा चमत्कारिक वाटलं.

"हे सपकाळे," नाना म्हणाले. "मूळचे जामनेरकडचे. रिंगखात्यात जॉबर आहेत."

रिंगखातं म्हणजे गिरणीत जिथं सूत पिळून बॉबिनवर भरलं जातं तो विभाग आणि जॉबर म्हणजे तिथल्या यंत्रांवर आणि माणसांवर लक्ष ठेवणारा. हे मला नानांनी सांगितलं. पुढचं सपकाळ्यांनी स्वतः सांगितलं, आवाज गरजेपेक्षा थोडा मोठा ठेवून.

"सर, माझे कान चाललेत. डॉक्टर म्हणतात, गोंगाटातून बाहेर पडा. स्टोअरमध्ये एक जागा होणार आहे, पण तिथं पदवीधर पाहिजे. मी बाहेरून बी.ए. करतोय. बाकीचे विषय सुटले. तुमचं अर्थशास्त्र दोन वेळा राहिलं."

"जागा पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत थांबेल," नाना म्हणाले. "मी थांबवून ठेवीन. त्याच्यापुढं माझं चालणार नाही."

"म्हणजे ही एप्रिलची परीक्षा शेवटची," सपकाळे म्हणाले. "कान अजून थोडे शिल्लक आहेत, सर. आहेत तोवर बाहेर यायचंय."

त्यांच्यासारखे बाहेरून परीक्षा देणारे गिरणीत आणखी काही जण होते. मी म्हणालो, "रविवारी या सगळे. मी शिकवतो."

नाना हसले. "सर, तीन पाळ्या आहेत. एक सुटते तेव्हा दुसरी लागते. आमची माणसं एका वेळी एका खोलीत भेटतात ती लग्नात, नाहीतर मयतीला. तुम्ही असं करा, कॅसेट काढा. व्हिडिओची."

कल्पना अशी होती. गिरणीच्या वसाहतीत एका तरुणानं व्हीसीआर घेऊन घरोघर वायरी ओढल्या होत्या आणि तो रोज सिनेमे दाखवायचा. नानांनी त्याला पटवलं होतं. माझा तास कॅसेटवर भरायचा, ती बसनं वसाहतीत जायची आणि प्रत्येक पाळी सुटल्यावर एकदा, अशी दिवसातून तीन वेळा लागायची. ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्यानं आपल्या घरात बसून शिकायचं.

मी नाही म्हणणार होतो. चेहरे नाहीत, बाक नाहीत, मग शिकवायचं कुणाला? पण मंडळी गेल्यावर सुमन चहाच्या कपबश्या उचलत म्हणाली, "त्या उंच माणसासाठी तरी करा. इतकं कान देऊन तुमचं बोलणं मीसुद्धा कधी ऐकलं नाही."

व्हिडिओ काढणारा अशोक शिंपी हा माझाच जुना विद्यार्थी. शिकवलेलं सगळं विसरून त्यानं लग्नाच्या शूटिंगचा धंदा उत्तम चालवला होता. त्याच्या स्टुडिओत आम्ही कॉलेजातला एक जुना फळा नेऊन टेकवला. त्यानं दोन्ही बाजूंनी मोठे दिवे लावले, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाला, "सर, मान किंचित वर. अजून थोडी. आता हसा."

"अर्थशास्त्रात हसायचं काय रे?"

"नवरदेव इतके घाबरत नाहीत, सर."

पहिली कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एक गृहस्थ भिंतीशी भांडत असल्यासारखे बोलतात. दर दोन मिनिटांनी ते "समजलं?" असं विचारतात, उत्तराची वाट बघतात आणि उत्तर येत नाही म्हणून चिडतात. अशोकनं सुरुवातीला सनई घातली होती. शीर्षक गुलाबांच्या चौकटीत आलं होतं आणि मागणीचा वक्र पुरा होताच त्यावर पाकळ्यांचा वर्षाव होत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"मशिनमध्ये तेच आहे, सर. हार्ट पण आहे. ते नाही टाकलं."

दुसऱ्या की तिसऱ्या कॅसेटला केळ्यांचा प्रकार झाला. एखादी वस्तू आपण एकामागून एक घेत गेलो की प्रत्येक नव्या नगापासून मिळणारं समाधान कमी होत जातं, असा अर्थशास्त्रात एक नियम आहे. वर्गात मी एखाद्या धष्टपुष्ट मुलाला पुढं बोलवून केळी खायला लावत असे. वर्ग बघत बसे आणि चौथ्या केळ्याला नियम आपोआप सिद्ध होई. स्टुडिओत मुलगा नव्हता. अशोक कॅमेऱ्यामागे अडकलेला. सुमननं केळ्यांची फणी दिली होती, ती तर समोर होती. मग मीच खाल्ली. पहिलं आनंदानं, दुसरं सहज, तिसऱ्याला घोट घ्यायला पाणी मागितलं. पाचव्या केळ्याचं साल सोलून मी ते नुसतंच हातात धरून बसलो आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. अशोक हसू दाबत होता, त्यामुळे चित्र हलत होतं. वक्र काढायची गरजच राहिली नाही.

पुढं मी वसाहतीत गेलो तेव्हा नळावरच्या एका आजीबाईंनी मला ओळखलं आणि मोठ्यांदा विचारलं, "सर, केळं पचनात का?" सगळ्या बाया हसल्या. सिनेमा लागायची वाट बघत अख्खी वसाहत माझा तास बघत होती, हे मला तेव्हा कळलं. एवढा मोठा वर्ग मला कॉलेजात कधी मिळाला नव्हता.

पण ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांची एक तक्रार येऊ लागली. दर रविवारी कॅसेट न्यायला आले की नाना ती सांगत. "बाकी सगळं झकास आहे. पण तुम्ही फळ्याकडे वळलात की आवाज जातो म्हणतात."

अशोकला हे लागलं. त्यानं माझ्या शर्टाला अडकवायचा छोटा माइक आणला. तक्रार तशीच. मग त्यानं कॅसेट लावून मला ऐकवली. फळ्याकडे तोंड असतानाचा माझा शब्द न् शब्द स्वच्छ होता.

"त्या केबलवाल्याच्या वायरीतच पाणी शिरलं असणार," अशोक म्हणाला.

"वायरीतलं पाणी मी वळलो की नाही ते बघून शिरतं का?"

त्यानं कॅसेट काढून ठेवली. मी मात्र विचार करत राहिलो, कारण माझ्या शिकवण्यातला नेमका तोच भाग, ज्याचा मला अभिमान होता, तिकडे पोहोचत नव्हता. नानांना मी विचारलं, तक्रार करतात ते कोण कोण? ऑफिसातले दोघे विद्यार्थी तक्रार करत नव्हते. गेटवरचा पहारेकरी करत नव्हता. तक्रार होती ती रिंगखात्यातल्यांची.

"मला रिंगखातं दाखवा," मी म्हणालो.

मी त्या दारातून आत गेलो आणि माझा स्वतःचा आवाज मला सोडून गेला. तो गोंगाट कानानं ऐकायचा नव्हताच, तो छातीत आणि दातांत बसत होता. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. लांबच लांब यंत्रांच्या रांगा, त्यांवर फिरणाऱ्या हजारो बॉबिनी आणि मधल्या वाटांतून चालणारी माणसं. नाना माझ्या शेजारी काहीतरी सांगत होते; मला त्यांचे नुसते ओठ हलताना दिसले.

आणि त्या गोंगाटात लोक आरामात गप्पा मारत होते. एका टोकाला एक बाई होती, बऱ्याच अंतरावर दुसरी. पहिली ओठ मोठे मोठे हलवून, भुवया उडवून, हातांनी काहीतरी सांगत होती आणि दुसरी पोट धरून हसत होती. एकानं दोन बोटांची चिमूट करून फाकवली, लगेच दुसरा जाऊन तुटलेला धागा जोडून आला. कुणाला हाक मारायची तर यंत्राच्या लोखंडी अंगावर तळहात दोनदा आपटायचा. त्याचा हादरा पलीकडच्याला लागे आणि तो वळून बघे.

सपकाळे आम्हाला यंत्र दाखवायला आले. मी त्यांना काहीतरी विचारलं आणि विचारता विचारता बॉबिनींकडे बघायला वळलो. ते वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी पुन्हा बोलत बोलत दुसरीकडे वळलो. ते पुन्हा माझ्यासमोर. माझ्या तोंडाभोवती तो उंच माणूस असा फिरत होता आणि मी मूर्खासारखा मान वळवत होतो. तिसऱ्या वेळेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जागच्या जागी थांबलो, त्यांच्याकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवून, आवाज अजिबात न काढता विचारलं, "तुम्ही डोळ्यांनी ऐकता?"

सपकाळे हसले आणि त्यांनी मान हलवली.

बाहेर आल्यावर, कानांत अजून घोंगावत असताना, ते म्हणाले, "तुम्ही विचारलंत म्हणून, नाहीतर आमच्या ध्यानात कुठं येतं? आत कानांचं कामच नाही. आणि सवय घरीपण सुटत नाही. मंडळी स्वयंपाकघरातून काही बोलली की मी उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहतो. ती शेजारणींना सांगते, माझा नवरा फार प्रेमळ आहे."

"पण ज्यांचे कान चांगले आहेत त्यांचं काय?"

"तेही तोंडाकडेच बघतात. तुम्ही फळ्याकडे वळलात की आम्हाला वाटतं, सरांचं बोलणं संपलं."

बसमध्ये परत येताना मी खूश होतो. अडचण कळली की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं माझ्या हातात होतं. आता फळ्याकडे पाठ ठेवायची आणि तोंड समोर. पण जो हात आणि जी जीभ पंचवीस वर्षं एकत्र चालली त्यांना वेगळं करायचं म्हणजे चालत्या माणसाला पुन्हा रांगायला लावण्यासारखं होतं. मी घरी भिंतीला पाटी टेकवून सराव केला. आधी गप्प राहून आकृती काढायची. मग बाजूला सरायचं, समोर बघायचं, हात मागं नेऊन नेमक्या बिंदूवर बोट ठेवायचं आणि मग बोलायचं. सुरुवातीला बोट भलत्याच जागी जाई. सुमन भाजी निवडता निवडता सांगे, "खाली. अजून खाली. आता भिंतीवर गेलात."

ही शांतता अशोकला सोसवेना. "सर, आकृती काढताना मोकळी जागा राहते. तिथं सनई टाकू?"

"टाक. पण पाकळ्या नकोत."

गिरणीतल्या खुणाही मी उचलल्या. वर चढणारा तळहात, खाली दबणारा तळहात, तुटलेल्या धाग्याची चिमूट. भाव वर गेला की मागणी खाली येते, हे मी दोन तळहातांनी एका वाक्यात दाखवू लागलो. एक खूण मी चुकीच्या जागी वापरली आणि ती 'साहेब येतोय' अशी निघाली. अख्खं रिंगखातं टीव्हीसमोर ताठ बसलं म्हणे.

तक्रार कमी झाली, पण पुरती जाईना. डिसेंबरात सपकाळे एकटेच घरी आले. चहा संपला तरी बशी हातात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "सर, एक सांगू? राग मानू नका."

"बोला."

"तुमची मिशी आडवी येते."

आतून सुमनचं हसू ऐकू आलं. माझी मिशी भरघोस होती, वरचा ओठ पुरा झाकणारी. कॉलेजात मुलं माझा उल्लेख तिच्यावरूनच करत. सपकाळे खाली बघत म्हणाले, "थोडी कापली तरी चालेल."

मी थोडी कापून बघितली. एक बाजू वर गेली, ती सारखी करायला गेलो तर दुसरी. शेवटी सगळीच काढली. सुमन दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मामंजी गेले तेव्हा काढली होतीत, त्यानंतर आज बघतेय हा ओठ. बरा आहे."

मामंजींचा उल्लेख तिनं सहज केला. त्यातलं पुढचं संकट आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. आपल्याकडे मिशी असलेला माणूस एके दिवशी मिशीशिवाय दिसला तर लोक एकच अर्थ काढतात. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात शिरलो आणि फाटकापासून माणसं बाजूला होऊ लागली. शिपाई रामभाऊंनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. स्टाफरूममधलं बोलणं थांबलं. उपप्राचार्य उठून आले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसते उभे राहिले.

"आईंना काय झालं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आईला काय झालंय?" मी घाबरून विचारलं. आई गावी भावाकडे होती. मला वाटलं, गावाहून काही निरोप आला आणि मला सांगायचं कसं म्हणून हे असे उभे आहेत.

"म्हणजे... आई बऱ्या आहेत?"

"परवापर्यंत होती!"

"मग कोण गेलं, सर?"

"कुणी नाही हो. मिशी गेली."

डोक्यावरचे केस शाबूत होते हे कुणाच्या ध्यानात आलं नाही का, असं मी नंतर रामभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "आलं होतं. पण प्रोफेसर लोक हल्ली एवढ्यावरच भागवतात, असं वाटलं."

आईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती आठवडाभर हसत होती, असं भावानं कळवलं.

मिशी गेली आणि तक्रारही गेली. जानेवारीपासून माझ्या कॅसेटा चांगल्या होऊ लागल्या, हे मी आज पुन्हा पाहून सांगू शकतो. त्यांतला माणूस भिंतीशी भांडत नाही. तो एका उंच माणसाशी बोलतो. कॅमेऱ्याच्या काचेच्या जागी मी सपकाळ्यांचा चेहरा धरायला शिकलो होतो. रिंगखात्यात तो माझ्याभोवती फिरला होता; आता तो समोरून हलत नव्हता. कुठं त्यांचं कपाळ आखडेल ते मला न दिसताही दिसे आणि मी दुसरं उदाहरण काढत असे. उदाहरणंही बदलली. पुस्तकातला गव्हाचा व्यापारी गेला, कापसाचा भाव आला. "समजलं?" हा प्रश्न मात्र सुटला नाही. फक्त आता तो विचारल्यावर मी चिडत नव्हतो. थोडा थांबत होतो, उत्तर मिळाल्यासारखा, आणि पुढं जात होतो.

कॉलेजातल्या वर्गातही मी तसंच शिकवू लागलो. वर्गात आवाजाची काही अडचण नव्हती. तरी मधल्या बाकांवरची कपाळं पूर्वीपेक्षा लवकर सैल होऊ लागली. त्याआधीच्या माझ्या मुलांना माझी पाठ जरा जास्तच बघावी लागली, असं कधी कधी वाटतं. त्याला आता इलाज नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी सपकाळे पहिली पाळी करून, अंगावरच्या कापसाच्या तंतूंसकट, बसनं थेट आमच्या घरी आले. दार सुमननं उघडलं. मी आतल्या खोलीत होतो. बोलणं काहीच ऐकू आलं नाही, म्हणून बाहेर येऊन बघतो तर ते दारातच उभे होते. उजवा तळहात हवेत वर वर चढत होता, पार डोक्याच्या वर गेला आणि सुमन टाळ्या वाजवत होती. दोघांपैकी एकानंही तोंडातून शब्द काढला नव्हता.

नानांनी शब्द पाळला. दसऱ्याच्या आत सपकाळे स्टोअरमध्ये गेले. त्यांच्याबरोबरच्या सगळ्यांना त्या वर्षी यश आलं असं नाही. दोघं पुन्हा बसले, एकानं नाद सोडला. पण पुढची चार-पाच वर्षं वसाहतीत माझ्या कॅसेटा लागत राहिल्या आणि बाहेरून परीक्षा देणाऱ्यांत काही बायाही दिसू लागल्या. नळावरच्या त्या आजीबाईंची सून त्यांतलीच.

"कान आहेत तेवढे घेऊन बाहेर पडलो, सर," सपकाळे म्हणायचे. धुळ्याला आले की ते आमच्याकडे येत. जामनेरहून आणलेलं काहीतरी सुमनच्या हातात देत आणि बसत.

मी निवृत्त झालो त्याच सुमाराला सुमनला कमी ऐकू येऊ लागलं. वर्षभरात तिचे कान जवळजवळ गेले. डॉक्टरांनी कानाच्या शिरेचं कारण सांगितलं. कानात बसवायचं यंत्र आणलं, ते तिनं चार दिवसांत काढून ठेवलं. "ह्याच्यात भांडी ऐकू येतात, माणसं नाही," ती म्हणाली. येणारे-जाणारे तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत. ती दचके आणि नुसतीच हसे. न समजताही मान हलवणारा पहिला बाक मी ओळखत होतो.

मला मात्र ओरडावं लागलं नाही. काय करायचं ते मला येत होतं. अशोकच्या दिव्यांनी शिकवलं होतं की बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पाहिजे. म्हणून तिची खाट आम्ही अशी ठेवली की खिडकी तिच्या मागं यावी आणि समोरच्या स्टुलावर बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडावा. मी त्या स्टुलावर बसून बोलत असे, सावकाश, ओठ पुरते उघडून, तळहातांनी मदत करत. रोजचा पेपर मी तिला तसाच वाचून दाखवला. सपकाळे आले की ते तिला उरलेल्या खुणा शिकवत. मला बोलवायचं तर हाक न मारता खाटेच्या लोखंडी पट्टीवर तळहात दोनदा आपटायचा, हेही तिनं त्यांच्याकडूनच घेतलं. माझे कान चांगले होते, पण तिला ती पद्धत आवडली. त्या दोघांच्या गप्पा रंगल्या की खोलीत नुसती हसण्याची कुजबुज असे आणि मी, दोघांचा मास्तर, पेपर वाचत बाजूला बसत असे.

सुमन पिंपळनेरची. आम्ही घरात पुस्तकातली मराठी बोलायचो, पण राग आला किंवा माया दाटली की ती अहिराणीवर यायची. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी हे ओळखून होतो; 'मना' म्हणजे माझा आणि 'देखीसन' म्हणजे बघून, एवढं तर तेव्हाच शिकलो होतो.

फाल्गुनात तिचं दुखणं वाढलं. जळगावला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासण्या केल्या, कागद बघितले आणि मला एकट्याला आत बोलावून सांगितलं की आता घरी न्या, करण्यासारखं फार उरलेलं नाही. आम्ही धुळ्याला परत आलो. ती खाटेवर टेकली. मी पाणी दिलं, औषधं फळीवर लावली, पिशवी रिकामी केली, पिशवीची घडी घातली. मग खिडकीशी गेलो. बाहेर कडुनिंबाला नवी पालवी आली होती. त्या झाडाकडे बघत मी बोलू लागलो. डॉक्टर काय म्हणाले ते, त्यांच्याच शब्दांत. मोठ्यांदाच बोलत होतो. तिला ऐकू येणार नव्हतं, आणि मला वाटतं, मी ते तिथं उभं राहून सांगत होतो ते त्यासाठीच.

मागं पट्टीवर तळहात आपटला. दोनदा.

मी वळलो. ती उशीवर मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"मनाकडे देखीसन बोला," ती म्हणाली.

मी डोळे पुसले. येऊन स्टुलावर बसलो, जिथं उजेड तोंडावर पडतो तिथं. आणि सुरुवातीपासून सांगितलं, सावकाश, काही न गाळता. ती शेवटपर्यंत माझ्या ओठांकडे बघत होती.

"समजलं?" मी सवयीनं विचारलं.

तिनं मान हलवली.